गच्चीवरची ओली चौकट

घाण दिसली की उम्म मुनीबच्या नाकाचा डावा कोपरा वर जातो. फक्त डावा. लेबनॉनच्या त्रिपोली शहरातल्या अबू समरा वस्तीतल्या आमच्या या चार मजली इमारतीत असा एकही माणूस नाही ज्याने तो कोपरा आपल्यामुळे वर गेलेला पाहिलेला नाही. मीही पाहिला आहे. मी शाळेत व्याकरण शिकवायचे, बाह्या खडूने भरलेल्या असायच्या. जिन्यात ती समोर आली की माझा हात आपोआप बाह्या झटकायला लागायचा.

उम्म मुनीब म्हणजे मुनीबची आई; तिचं खरं नाव इन्शिराह. बाप त्रिपोलीच्या जुन्या बाजारात साबणाच्या कारखान्यात वड्या कापायचा. स्वच्छ वास कसा असतो ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं आणि बाकीचे सगळे वास तिच्या लेखी घाण. लग्न झालं ते साब्रीशी, आणि साब्री संगमरवर कापायचा. रोज संध्याकाळी तो पांढराफटक होऊन यायचा. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पिठात बुडवून काढल्यासारखं. ती त्याला दाराबाहेरच अडवायची, जिन्यातच सदरा काढून घ्यायची, डोक्यावर बादली ओतायची आणि मगच घरात घ्यायची.

"उम्म मुनीब, नवरा आहे तो, गालिचा नाही!" शेजारणी हसायच्या.

"गालिचा इतकी घाण करत नाही," ती म्हणायची.

घरात तिने धुळीचा कण राहू दिला नाही. पण जिथे तिचा हात पोचत नव्हता तिथे ती धूळ जाऊन बसली. साब्रीची फुप्फुसं गेली. आता तो खिडकीशी पलंगावर उशांना टेकून बसलेला असतो, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरत. रात्रीला सिलिंडर असतो, पण तो पुरवून वापरावा लागतो. दिवस काढायचा तो मशीनवर. सरकारी वीज आली तर पाहुण्यासारखी येते, आणि गल्लीतल्या जनरेटरच्या वायरीवर दोन दिवे आणि एक पंखा यापलीकडे काही चालत नाही. म्हणून जर्मनीत असलेल्या त्यांच्या मुनीबने गच्चीवर सोलर पॅनेलं बसवून दिली. साब्रीचा श्वास तेव्हापासून गच्चीवरून खाली येतो.

गच्चीवर एकट्या त्यांचीच पॅनेलं नाहीत. जो तो आपापली लावून मोकळा झाला आहे. लोखंडी सांगाडे एकमेकांना भिडलेले, टाक्या, तुटक्या खुर्च्या, आणि या सगळ्यातून साप सोडल्यासारख्या वायरी. आमच्या इमारतीत प्रत्येकाचं घर लखलखीत असतं आणि गच्ची कुणाचीच नसते. तिथे कबुतरांची विष्ठा वाळते, ओली होते, पुन्हा वाळते. पाणी जायची भोकं त्या विष्ठेने आणि सडक्या पानांनी गच्च भरलेली. मी कपडे वाळत घालायला जाते तेव्हा श्वास रोखून जाते.

पॅनेलं बसवली उस्ताद जौदतने. तोंडात सिगारेट, डोळे मिचमिचे. साब्रीने खालून विचारून पाठवलं होतं की अर्थिंग करणार ना. जौदत म्हणाला, "चौथ्या मजल्यावर जमीन कुठून आणू, हाजी?" आणि स्वतःच हसला. घरात बॅटरीजवळ एक डबी बसवून त्याने उम्म मुनीबला सांगितलं, "हा खटका. खाली केला की सगळं मेलं."

हे वाक्य तिला लगेच पटलं, कारण आम्हा सगळ्या बायकांना ते आधीच पटलेलं होतं. आमच्याकडे फरशी पुसत नाहीत, धुतात. दारापासून पाणी सोडायचं, साबण फेकायचा आणि वायपरने सगळं ढकलत बाहेर काढायचं. पण पाणी सोडायचं ते वीज गेल्यावर. जुन्या भिंती ओल धरतात, आतल्या वायरी आजोबांच्या काळातल्या, ओल्या भिंतीला हात लागला की खांद्यापर्यंत झिणझिण्या. म्हणून वीज गेली की जिन्यात आरोळी उठते, "गेली!" आणि घराघरातून बादल्या खडखडतात. गेली म्हणजे मेली, आता कुठेही हात घाला. आईने मुलीला हेच शिकवलं आणि मुलीने तिच्या मुलीला. वीज नेहमी दुसरीकडून कुठूनतरी येते आणि जाते, एवढंच आम्हाला माहीत. ती आपल्याच डोक्यावर, उन्हात, न बोलावता तयार होत असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

समुद्राचं मीठ, जनरेटरची काजळी आणि कबुतरं मिळून त्या काचांवर असा थर देतात की बोटाने नाव लिहावं. थर जमला की दुपारी उन्हं कलायच्या आत, वीज कमी पडल्याचा इशारा देत, मशीन चिरकायला लागतं आणि साब्रीचे ओठ जांभळे पडतात. म्हणून उम्म मुनीब दर आठवड्याला गच्चीवर जायची. घरातला खटका खाली, बादली, साबण, लोखंडी दांड्याचा वायपर. शेजाऱ्यांची पॅनेलं मळकी आणि तिची आरशासारखी. उतरताना नाकाचा डावा कोपरा वर.

त्या उन्हाळ्यात बारावीचे निकाल लागले.

पहिल्या मजल्यावरचा अबू रिफअत आमच्या इमारतीच्या समितीचा प्रमुख आहे. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. त्याचं खरं नाव मिस्बाह, आणि चौथीत तो माझा विद्यार्थी होता. वर्गात काच फुटली की तो सर्वांत आधी शेजारच्या मुलाकडे बोट दाखवायचा, इतक्या पटकन की बोट आधी आणि काच नंतर असं वाटावं. त्याचा मुलगा रिफअत पास झाला. पोरगा बरा आहे, लाजाळू आहे. अरबीत त्याला जेमतेम मार्क पडले होते हे मला माहीत आहे, कारण शेवटचे दोन महिने तो माझ्याकडेच येत होता. पण बापाला पास हा शब्द ऐकू आला आणि तो बंदूक घेऊन गच्चीवर धावला.

आमच्या गावात आनंद झाला की लोक आकाशावर गोळ्या झाडतात. लग्न, निकाल, आमदार निवडून आला, सगळ्याला गोळ्या. मी आयुष्यभर ज्या मुलांना स्वल्पविराम कुठे द्यावा ते शिकवलं, त्यांच्या पास होण्याची बातमी मला अशी कळते. त्या दिवशी खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि वर अबू रिफअत एका हातात बंदूक धरून नाचत होता. त्याचे पाय आमच्या छतावर दणदणत होते. एकदा तो आवाज वरून यायचा तो बाजूने आला. मला वाटलं भास झाला.

सकाळी गच्चीवर गेले तर उम्म मुनीबच्या एका पॅनेलची काच तडकलेली. मधोमध एक छिद्र आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा काठापर्यंत गेलेल्या. शेजारची टाकी ठिबकत होती. टाकीला खाली एक भोक, आणि त्यात साबणाचा गोळा नि चिंधी कोंबलेली. म्हणजे माझ्या आधी, अगदी भल्या पहाटे, कुणीतरी येऊन बुजवून गेलं होतं. आणि ती टाकी अबू रिफअतची होती.

"ऊन," तो जिन्यात म्हणाला. "काच तापते आणि तडकते, बाई. चिनी माल."

"आणि टाकी?"

"प्लास्टिक. तेही तापतं."

त्याच्या तोंडाला अजून निकालाच्या मिठाईचा वास येत होता. गोळी लागली याचं मला काही नाही, गोळी कुठेही लागते. चिंधी कोंबायला तो पहाटे उठला, आणि शेजारचं फुटलेलं पॅनेल बघून तसाच खाली उतरला, याची मला किळस आली. हे मी त्याला तिथेच, जिन्यात, सांगितलं. "मिस्बाह, हे तुझंच काम आहे." तो हसला. "बाई, तुम्ही अजून चौथीतच आहात."

तडकलेलं पॅनेल तरीही वीज देत होतं. उम्म मुनीबने त्याच्याकडे पाहून नाक उडवलं, आणि त्याला जपून धुवायचं ठरवलं. दुसरं घेण्याची ऐपत नव्हती, आणि ओळीतलं एक काढलं तर मशीन तितकंसं चालणार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती वर आली तेव्हा मी चादरी वाळत घालत होते. ऊन चांगलंच चढलं होतं. तिने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून खाली ओरडून विचारलं, "साब्री, खटका खालीच आहे ना?" आणि साब्रीने पलंगावरून काठी ठोकून होकार दिला. टाकीचं ठिबकतं पाणी पॅनेलांच्या खाली साचून डबकं झालं होतं. त्यात विष्ठा तरंगत होती. ती त्या डबक्यात उभी राहिली, चेहरा असा की कुणी तिला जबरदस्तीने तिथे उभं केलंय, आणि म्हणाली, "बाई, एका बाजूला कबुतरं हगतात, दुसऱ्या बाजूला माणसं. मी मधे."

मी हसले. तिने तडकलेल्या काचेवर पाणी ओतलं आणि वायपर फिरवला.

आवाज काही झाला नाही. आधी मला वाटलं ती थबकली आहे, काहीतरी आठवलं असेल. मग तिचं तोंड दिसलं. दात घट्ट आवळलेले, मान वाकडी, आणि उजवी मूठ लोखंडी दांड्यावर अशी आवळलेली की नखं पांढरी पडली होती. ती दांडा सोडत नव्हती. सोडू शकत नव्हती. मी किंचाळले. आमचा रखवालदार जासिम खालच्या जिन्यात झाडत होता, तो धावत आला आणि माझ्या दोरीला टेकू दिलेली लाकडी काठी उपसून त्याने वायपरच्या दांड्यावर हाणली. दांडा उडाला, माझ्या चादरी त्या घाणीत पडल्या आणि उम्म मुनीब चादरींवर पडली.

तिच्या तळहातावर आडवा काळा पट्टा उमटला होता. कातडी भाजल्याचा वास येत होता. शुद्धीवर येताच ती म्हणाली, "खटका बंद होता." आणि मग, माझ्याकडे बघून, "तुमच्या चादरी."

जासिम खाली पळत जाऊन बघून आला. खटका खालीच होता.

यानंतर शेजाऱ्यांनी जे केलं ते आठवलं की अजून माझ्या जिभेवर कडू चव येते. तिसऱ्या मजल्यावरची उम्म नझीह धूप घेऊन आली. "नजर लागली गं तुला. एवढी स्वच्छ पॅनेलं, लोकांच्या डोळ्यात खुपणारच." दुसऱ्या मजल्यावरचा औषधांच्या दुकानात काम करणारा म्हणाला की साखर वाढली असेल, चक्कर आली असेल, चक्कर आली की माणूस मूठ आवळतो. मी म्हटलं, "आणि हात भाजतो?" तो म्हणाला, "दांडा उन्हात तापला असेल." दारात उभा राहून अबू रिफअत म्हणाला, "खटका बंद असताना शॉक लागला असं जगात कुणी ऐकलंय का? या वयात बायकांच्या नसा नाजूक होतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. काचेच्या छिद्राबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. सगळ्यांच्या घरात निकालाची मिठाई गेली होती.

उम्म मुनीबने हाताला पट्टी बांधली आणि गच्चीवर जाणं बंद केलं. काचांवर थर चढू लागला. मशीन दुपारीच चिरकायला लागलं, आणि दर दिवशी थोडं आणखी लवकर. सिलिंडर जो रात्री लागायचा तो संध्याकाळपासूनच लागू लागला. मी त्यांच्याकडे बसले असताना साब्री म्हणाला, "असू दे गं, इन्शिराह. थोडा वेळ बंद राहिलं तर काय होतंय."

"तू गप्प बस आणि श्वास घे," ती म्हणाली.

एवढं बोलूनही तो दमला होता. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि मला बादलीचा आवाज आला.

"कुठे निघालीस?"

"वर."

"त्या हाताने?"

"डाव्या हाताने."

मी दारात आडवी उभी राहिले. खरंच उभी राहिले, या वयात, हात पसरून. ती म्हणाली, "बाई, बाजूला व्हा. तो मरेल नाहीतर मी मरेन, एकाला तर हलावंच लागणार." मी म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत थांब. मी जौदतला आणते आणि सगळ्यांना वर बोलावते. मिस्बाहलासुद्धा." तिने बादली खाली ठेवली, पण हातातून सोडली नाही.

सकाळी सगळे गच्चीवर आले. कुतूहल फुकट असतं, त्याला सगळे येतात. उम्म नझीह खुर्ची घेऊन आली. जौदत सिगारेट घेऊन आला. अबू रिफअत इस्त्रीच्या शर्टात, हातात जपमाळ. त्याने त्या तडकलेल्या पॅनेलवर बादलीभर पाणी ओतायला लावलं, म्हणजे सगळं अगदी त्या दिवशीसारखं होईल. मग म्हणाला, "खटका बंद आहे? उम्म मुनीब, तुम्हीच बघून आलात ना? ठीक. आता हा खेळ संपवू." आणि मान न वळवता, "ए जासिम, इकडे ये. ठेव हात त्या चौकटीवर. दाखव यांना."

जासिम सीरियातल्या देर अज-झोरकडचा, बायको आणि तीन मुलं तळघरातल्या एका खोलीत. तो पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वर्गात पुष्कळ वेळा पाहिलं आहे, शिक्षा ठाऊक असूनही उठून उभं राहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर. उम्म नझीह नीट दिसावं म्हणून खुर्चीवर पुढे सरकली. माणसाच्या जिवाकडे लोक किती आरामात बघतात, ते मी त्या सकाळी पाहिलं आणि मला माझ्या शेजाऱ्यांचीच किळस आली. त्यांच्यापैकी निम्मे माझे विद्यार्थी होते.

जासिमच्या हातावर फटका बसला. उम्म मुनीबने बादलीतलं ओलं फडकं त्याच्या मनगटावर असं मारलं की तो दोन पावलं मागे गेला.

"खाला! मावशी!" तो म्हणाला.

"मागे हो. डबक्यातून बाहेर ये. चपला बघ त्या, शी." ती अबू रिफअतकडे वळली. "मिस्बाह, तू लाव हात."

"मी?"

"तूच. खटका बंद आहे. बायकांच्या नसा नाजूक असतात, तुझ्या नाहीत. लाव."

अबू रिफअतने चौकटीकडे पाहिलं. काचेच्या रेषांतून पाणी आत झिरपत होतं. त्याची जपमाळ थांबली.

"माझा वजू झालाय, हातपाय धुऊन झालेत," तो म्हणाला. "दुपारच्या नमाजला जायचंय. त्या घाण पाण्याला हात लावला तर पुन्हा करावा लागेल."

कुणीतरी मागून खुदकन हसलं. उम्म मुनीबच्या नाकाचा डावा कोपरा वर गेला तो तिथेच राहिला. "पहाटे चिंधी कोंबायला आलास तेव्हा वजू नव्हता का रे?"

आता जौदतला थोडी लाज वाटली असावी, किंवा पुढे आपलं नाव निघेल हे त्याला कळलं. त्याने सिगारेट टाकली, रबरी हातमोजे चढवले, आणि मीटरची एक काडी ओल्या चौकटीला आणि एक डबक्यातल्या पाण्याला लावली. आकडा बघून त्याचे मिचमिचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले.

"कुणी हलू नका," तो म्हणाला. "डबक्यापासून दूर."

"पण खटका..." मी म्हटलं.

"खटका घरात येणारा रस्ता बंद करतो, बाई. वर ऊन आहे तोवर ही बनवतच राहणार." त्याने वाकून पॅनेलांखालची वायर दाखवली. तिच्यावरचं आवरण फाटलं होतं आणि ती उघडीच डबक्यात पडली होती. "फुटलेल्या काचेतून एक टोक चौकटीत आलंय, दुसरं टोक या पाण्यात. आणि मधे तुम्ही उभ्या राहिलात."

"तूच सांगितलंस सगळं मेलं म्हणून," उम्म मुनीब म्हणाली.

"बोलायची पद्धत असते."

"मी मेले असते तर तीही पद्धत असती?"

जौदतने जाड पांघरुणं मागितली, पॅनेलं झाकल्याशिवाय तो हात लावणार नव्हता. कुणी जागचं हललं नाही, पांघरुणं खराब होतील ना. उम्म मुनीब खाली गेली आणि साबणाच्या वड्या घालून ठेवलेली, मुनीबच्या लग्नासाठी जपलेली लोकरीची पांघरुणं घेऊन आली. जासिमच्या मदतीने तिने ती पॅनेलांवरच्या विष्ठेच्या थरावर पसरली. ती पसरताना तिने डोळे मिटले होते.

जौदत वायर बघत राहिला. मग म्हणाला, "हे आवरण उन्हाने गेलेलं नाही. सरळ चीर आहे. किती गोळ्या होत्या?"

"कुठल्या गोळ्या?" अबू रिफअत म्हणाला.

"हाजी, मला काय करायचंय तुमच्या आनंदाशी. पण एक इथे लागली, एक टाकीला, एक वायरीला घासली. आणखी किती, आणि बंदूक कुठल्या दिशेला होती ते कळलं नाही तर मी आज हे नीट करीन, आणि उद्या कुणीतरी दुसऱ्या पॅनेलवर मरेल."

अबू रिफअत माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे तसंच पाहिलं जसं चौथीत पाहायचे. बोट दाखवायला आज शेजारी कुणी मुलगा नव्हता.

"मला तुझी माफी नको," उम्म मुनीब म्हणाली. "माफी घेऊन मी ठेवू कुठे. मला आकडा हवा. माझा नवरा याच्यावर श्वास घेतो."

"एक मॅगझिन," तो शेवटी म्हणाला. "पण सगळ्या वर गेल्या."

"सगळ्या?"

"मी वळलो तेव्हा हात खाली आला. चारपाच असतील. तिकडे." त्याने अर्धवट हात केला. तिकडे म्हणजे उम्म नझीहच्या आणि औषधांच्या दुकानवाल्याच्या पॅनेलांकडे.

तेव्हा कुठे गच्चीला वाचा फुटली. उम्म नझीह खुर्चीवरून उडाली. "माझ्या पॅनेलांना? अरे नालायका, माझी सून धुते ती!" औषधवाला म्हणाला, "हे गुन्ह्यात मोडतं, माहीत आहे?" ज्यांना कालपर्यंत नजर, साखर आणि नाजूक नसा दिसत होत्या त्या सगळ्यांना एका क्षणात गोळी दिसली. सगळे अबू रिफअतला घेरून ओरडत होते आणि आपापल्या काचांखाली वाकून बघत होते. उम्म नझीहच्या एका पॅनेलच्या मागच्या बाजूला खरंच छिद्र निघालं. तिने गळा काढला. उम्म मुनीबच्या भाजलेल्या हाताकडे अजूनही कुणी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं होतं आता मला बरं वाटेल. मला आणखीच शिसारी आली. मी जासिमला घेऊन खाली गेले आणि त्याला चहा दिला. तो चहा न पिता कप हातात धरून बसला. मग म्हणाला, "बाई, खालाने मला मारलं ते बरं झालं. मी हात लावलाच असता."

दोन दिवसांनी अबू रिफअतने नवं पॅनेल पाठवलं. पाठवलं असं नाही, आणलं. जुम्म्याच्या नमाजनंतर, मशिदीत चार लोकांना सांगून की एका आजारी शेजाऱ्यासाठी आईच्या नावाने दान करतोय. दोन माणसांनी पॅनेल उचललेलं आणि हा पुढे, फोन वर धरून. दारात उभा राहून म्हणाला, "उम्म मुनीब, जरा याच्या बाजूला उभ्या राहा. फोटो. लोकांना चांगल्या कामाची प्रेरणा मिळते."

माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं, व्याकरणात न बसणारं. उम्म मुनीबने माझ्या हातावर तिचा पट्टी बांधलेला हात ठेवला. आतून मशीनचं चिरकणं ऐकू येत होतं.

"काढ फोटो," ती म्हणाली. "पण मी हा हात पुढे धरणार."

तिने पट्टी सोडली. तळहात पिवळट, पाणी सुटलेला, मधोमध काळा पट्टा. अबू रिफअतने एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. घाण वाटली त्याला. फोन खिशात गेला. तो म्हणाला, "पॅनेल वर पोचवतो," आणि माणसांना घेऊन निघून गेला. तिने त्याला कॉफी विचारली नाही. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही कॉफी विचारतात.

जौदतने ते पॅनेल जोडलं, वायर बदलली, आणि यावेळी चौकटींपासून तार थेट खाली अंगणातल्या मातीत नेली. चौथ्या मजल्यावर जमीन आणता येत होती तर. पाणी जायची भोकं जासिमने आणि मी मिळून मोकळी केली. नाकाला ओढणी बांधून, आणि त्या वेळी माझ्या तोंडातून जे शब्द निघाले ते मी कुठल्याही वर्गात वापरले नव्हते. उम्म मुनीब आता फजरच्या नमाजनंतर वर जाते, सूर्य निघायच्या आत, लाकडी दांड्याचा मऊ ब्रश घेऊन. आधी कोरडी धूळ झाडते, पाणी अगदी थोडं वापरते. काच तडकलेली दिसली तर हातच लावायचा नाही हे तिने इमारतीतल्या प्रत्येक बाईला दारात उभं राहून ऐकवलं आहे. उम्म नझीहला दोनदा.

ज्या दिवशी पॅनेल लागलं त्या दुपारी मी तिच्याकडे होते. उन्हं कलली, असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली, आणि मशीन चिरकलं नाही. साब्रीचा चेहरा कित्येक दिवसांनी माणसाच्या रंगाचा दिसत होता. त्याने नळी नीट केली, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "इन्शिराह, आज हवा गोड लागतेय गं."

तिच्या नाकाचा डावा कोपरा वर गेला.

"मिस्बाहच्या पॅनेलवरची आहे, गोड कसली," ती म्हणाली. "पण घे."